तंजावरच्या कपाटातली चित्रं

(यंदाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



कार्यवाहांनी व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी घाईत "तंजावर" एवढंच सांगितलं. त्यामुळे स्वयंपाकघराकडून अशी बातमी पसरली की आज सांबाराची गोष्ट होणार. संभाजीराजे, आमटी, चिंच वगैरे. ती गोष्ट आपण दर वर्षी महाप्रसादाच्या पंगतीत ऐकतोच. मी आज सांगणार आहे ती तिथल्या राजवाड्यातल्या कागदांची गोष्ट. त्यातही पोथ्यांची कमी आणि चित्रांची जास्त.

तिरुचिरापल्लीहून तंजावर म्हणजे आपल्याला पन्नास किलोमीटर. पॅसेंजरने गेलात तरी डबा उघडून संपवेपर्यंत स्टेशन येतं. मागे मी एकदा सहज विचारलं होतं, तेव्हा आपल्या मंडळातल्या जवळजवळ प्रत्येकाने बृहदीश्वराचं देऊळ पाहिलेलं निघालं. राजवाड्याच्या आवारातलं सरस्वती महाल ग्रंथालय मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनीच पाहिलं होतं. ज्यांनी पाहिलं त्यांच्याही लक्षात राहिली ती चिनी लोकांच्या शिक्षांची चित्रं. त्यावर मी येणारच आहे.

आता थोडा इतिहास, पण थोडाच. व्यंकोजीराजे, म्हणजे शिवछत्रपतींचे सावत्र बंधू, यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं. तेव्हापासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. ग्रंथालयाची सुरुवात मात्र त्यांच्याही आधीची, नायक राजांच्या काळातली. मराठ्यांनी ते वाढवलं, आणि सगळ्यात जास्त वाढवलं दुसरे सरफोजीराजे यांनी. जन्म १७७७, गादीवर १७९८, मृत्यू १८३२. दत्तक आलेला मुलगा, गादीवरून घरातच तंटा, म्हणून त्यांचं काही शिक्षण मद्रासला झालं. शिक्षक जर्मन मिशनरी श्वार्ट्झ आणि गेरिके. श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या थडग्यासाठी राजांनी स्वतः इंग्रजीत कविता रचली. तंजावरच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने केलेलं संगमरवरी स्मारक आहे, त्यात मरणशय्येवरच्या गुरूचा हात धरून उभे असलेले सरफोजीराजे दिसतात.

गादी मिळाली, आणि पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला किल्ला, वाडा आणि तनखा. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर दर्जा कायम, केबिन कायम, शिपाई कायम, पण सेक्शन काढून घेतलेला. असा अधिकारी दोनच गोष्टी करू शकतो. एक तर कुढत बसतो, नाहीतर शिकायला लागतो. सरफोजीराजे शिकायला लागले. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन वगैरे भाषांतली साधारण साडेचार हजार युरोपीय पुस्तकं त्यांनी जमवली. वैद्यक, शरीरशास्त्र, वनस्पती, रसायन, नकाशे, यंत्रं. बेंजामिन टोरिन नावाचे तंजावरचे जुने रेसिडेंट विलायतेला परत गेल्यावर तिथून राजांसाठी पुस्तकं आणि उपकरणं धाडत असत. कित्येक पुस्तकांवर राजांची इंग्रजी सही आहे. बिशप हेबर १८२६ साली त्यांना भेटले, तेव्हा हा राजा लाव्होझिए, लिनियस आणि ब्यूफाँ यांचे दाखले सहज देतो, असं त्यांनी लिहून ठेवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिलला, हेच हेबर आपल्या या तिरुचिरापल्लीत आंघोळीच्या हौदात बुडून वारले. सेंट जॉन्स चर्चमध्ये त्यांची कबर आहे.

आता चित्रांकडे येतो. पण आधी एक पाच मिनिटांचा तांत्रिक भाग. मी डिप्लोमावाला माणूस, छापलेली वस्तू कशी बनली हे कळल्याशिवाय मला ती नीट दिसत नाही.

त्या काळी चित्र छापायच्या मुख्य दोन-तीन रीती. पहिली, तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेघा कोरायच्या, शाई त्या खाचांत भरायची, वरचा पत्रा स्वच्छ पुसून घ्यायचा, ओलसर कागद ठेवायचा आणि रुळांच्या दाबाखालून पत्रा काढायचा. खाचेतली शाई कागद ओढून घेतो. या छापाची एक खूण आहे. पत्र्याच्या कडा कागदात दबतात, म्हणून चित्राभोवती चौकोनी खळगा राहतो. काच नसेल तर तिरक्या उजेडात स्पष्ट दिसतो. खाचांऐवजी बारीक ठिपके ठिपके केले तर कातडीचा मऊपणा, कापडाची घडी वगैरे छान उतरते.

दुसरी रीत ॲक्वाटिंट. पत्र्यावर राळेची पूड भुरभुरायची, खालून गरम करून चिकटवायची, आणि ॲसिडमध्ये बुडवायचा. राळेच्या कणांमधल्या फटींत ॲसिड पत्रा खातं. जास्त वेळ ठेवला तर गडद, कमी वेळ तर फिकट. वॉटरकलरने केल्यासारखी सावली छापता येते. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे १७९२-९३ मध्ये दक्षिणेत फिरले, त्यांनी आपला हा मलैकोट्टै, कावेरीकडून, आणि तंजावरचं देऊळ चितारलं आणि नंतर लंडनमध्ये अशाच छापांनी प्रसिद्ध केलं. आपल्यापैकी काहींच्या घरात त्याचं कॅलेंडर आहे. कॅलेंडर ऑफसेटवर छापलेलं, पण मूळ चित्र ॲसिडमधून आलेलं.

तिसरी शिळाछाप, लिथोग्राफी. जर्मनीत झेनेफेल्डर याने १७९६ ते १७९८ च्या सुमारास शोधली. खास चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा, तेलकट शाई फिरवायची. पाण्याच्या जागी शाई लागत नाही, खडूच्या जागी लागते. कोरणं नाही, खळगा नाही. इथे चित्रकाराचा हात थेट कागदावर येतो, मध्ये कोरक्या कारागीर राहत नाही. सरफोजीराजे गादीवर आले तेव्हा हे तंत्र अगदी कोवळं होतं. ब्ल्यूप्रिंट तर अजून चाळीसेक वर्षं दूर होती.

एवढं ध्यानात ठेवून सरस्वती महालातल्या सगळ्यात प्रसिद्ध चित्रांपुढे उभे राहा. शार्ल ल ब्रँ हा फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा दरबारी चित्रकार. १६७१ साली त्याने पॅरिसच्या अकादमीत माणसाच्या चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याबद्दल व्याख्यान दिलं आणि त्यासाठी चित्रं काढली. एका बाजूला घुबड, दुसऱ्या बाजूला घुबडासारखा माणूस. सिंह आणि सिंहासारखा माणूस. उंट, मेंढा, गाढव, पोपट, असे कितीतरी. मूळ चित्रं पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. त्यांची शिळाछापाची मालिका १८२७ साली लंडनमध्ये निघाली. तंजावरच्या ग्रंथालयाने आपल्याकडचा शिळाछापाचा संच पुस्तकरूपाने पुन्हा छापला आहे, विक्रीलाही असतो.

लोक तिथे हसतात. "हा आमच्या अमक्या साहेबांसारखा दिसतो," असं मी स्वतः ऐकलं आहे. (साहेबांचं नाव विचारू नका, ते दुसऱ्या रांगेत असू शकतात.) पण हसून झाल्यावर थोडं जवळ जा. काही डोक्यांवर ल ब्रँने सरळ रेघा आखल्या आहेत. डोळ्याच्या कोपऱ्यांतून जाणारी रेघ, कपाळाचा कोन, नाकाकडे उतरणारा त्रिकोण. आपण ज्यांना कन्स्ट्रक्शन लाइन म्हणतो तशा. त्याचं म्हणणं असं की त्या रेघा कोणत्या दिशेला मिळतात यावरून त्या प्राण्याची वृत्ती कळते. शास्त्र म्हणून हे साफ चुकीचं आहे, आणि पुढे अशाच विचारांतून माणसांच्या जातींना, वंशांना खालचं-वरचं ठरवणारे फार वाईट प्रकार झाले. पण चुकीच्या सिद्धांतासाठी काढलेलं ड्रॉइंग किती काटेकोर असू शकतं, हे मला तिथे पाहायला मिळालं. घुबडाच्या पिसांची लय बघा, आणि शेजारी त्या माणसाच्या भुवया बघा. मॉडेल चूक, मापं बरोबर. असं आपल्याही धंद्यात होतं.

राजांनी हे का जमवलं असेल? आपल्याकडे सामुद्रिक होतंच. अंगलक्षणांवरून माणूस ओळखण्याची विद्या दरबारी माणसाला नवी नव्हती. घोडा आणि हत्ती यांची तर लक्षणांवरूनच खरेदी व्हायची. सरस्वती महालात अश्वशास्त्राची आणि गजशास्त्राची रंगीत चित्रं असलेली हस्तलिखितं आहेत. अश्वशास्त्राचा ग्रंथ चित्रांसह ग्रंथालयाने १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे एकाच छपराखाली अंगावरच्या खुणांवरून घोडा पारखणारा पंडित आणि चेहऱ्यावरून माणूस पारखणारा फ्रेंच चित्रकार. मला वाटतं, राजांना ही दोन कपाटं शेजारी ठेवण्यातच गंमत वाटली असावी. हे माझं मत, पुरावा मागू नका.

आता ती चिनी चित्रं. 'चीनमधील शिक्षा' असं नाव असलेलं पुस्तक लंडनमध्ये १८०१ साली निघालं, मेसन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचं. २२ चित्रं, ठिपक्यांच्या कोरीवकामाने छापलेली आणि एकेक प्रत हाताने रंगवलेली. गळ्यात लाकडी फळी अडकवलेला कैदी, काठ्यांचा मार, वगैरे. मुलं तिथून हलत नाहीत. मला व्यक्तिशः ही चित्रं आवडत नाहीत. रंग इतके गोड आहेत की वेदनेची करमणूक झाली आहे. चीनमध्ये काय चाललं होतं यापेक्षा लंडनच्या दिवाणखान्यात तेव्हा काय खपत होतं, हे त्यातून जास्त कळतं. पण तंजावरमधला मराठी राजा चीन बघतो तो लंडनच्या चष्म्यातून, हेही त्याच चित्रांत नोंदलं गेलं आहे, म्हणून ती राहिली हे चांगलंच.

माझ्या लेखी त्या संग्रहातली सगळ्यात मोलाची चित्रं यांपैकी एकही नाहीत. ती आहेत डोळ्यांची. राजांना वैद्यकाचा नाद होता. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी वैद्यक आणि इंग्रजी डॉक्टरी दोन्ही चालत. डोळ्यांच्या रोग्यांचे जे कागद शिल्लक आहेत त्यांत रोग्याची हकिगत, केलेला उपचार, आणि काहींबरोबर त्या रोगी डोळ्याचं रंगीत चित्र आहे. मजकूर कुठे इंग्रजीत, कुठे मोडीत. फोटोग्राफी यायची होती. तेव्हा कोणीतरी चित्रकार त्या माणसासमोर बसला, बुबुळावरचा पडदा, पांढऱ्यातल्या लाल शिरा, सूज, जशी दिसली तशी उतरवली. इथे सोन्याचा वर्ख नाही, खडे नाहीत, देव नाही. तंजावर पेंटिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोण्याचा गोळा घेतलेला बाळकृष्ण येतो. त्याच गावात, त्याच काळात, कोणा अनाम रोग्याच्या आजारी डोळ्याचं हे रेकॉर्ड ड्रॉइंग झालं. तिथल्या चित्रकारांनी काढलेली पशुपक्ष्यांची अशीच निरीक्षणाची चित्रं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही आहेत. राजे १८२० मध्ये काशीयात्रेला निघाले, मोठा लवाजमा घेऊन. तिथल्या घाटांचीही चित्रं त्यांनी करवून घेतली.

आणि नुसती बाहेरची चित्रं-पुस्तकं आणली असंही नाही. वाड्यात त्यांनी 'नवविद्याकलानिधी' नावाचा देवनागरी छापखाना काढला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तिथे इसापच्या गोष्टी मराठीत छापून निघाल्या, 'बालबोधमुक्तावली' या नावाने. सख्खण पंडितांनी भाषांतर केलं होतं. पुण्यात अजून पेशवाई होती, तेव्हा ही मराठी मुलांची गोष्टींची छापील पुस्तकं तमिळ मुलखात तयार होत होती. बृहदीश्वराच्या देवळात गेलात तर भोसले घराण्याचा मराठी शिलालेख बघा, १८०३ सालचा. भिंतीवर ओळीच्या ओळी. आपण त्याच्या समोरून नैवेद्याची रांग लावतो आणि वर बघत नाही.

मंडळी, हे सगळं वाचलं कसं, हा खरा प्रश्न. कारण न वाचण्याचीच शक्यता जास्त होती.

१८५५ साली सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे वारले. पुरुष वारस नव्हता. कंपनीने गादी खालसा केली आणि वाड्यातली खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला, की हे सरकारचं राज्यविषयक कृत्य आहे, कोर्टाला यात बोलायचा अधिकारच नाही. तरी १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता कुटुंबाला परत दिली. आपल्या रेल्वेवाल्यांसाठी एक टीप. वाड्याचं हे भांडण चालू असतानाच, १८६१ मध्ये, नागपट्टिणमहून निघालेली लाइन तंजावरला पोचली आणि पुढच्या वर्षी इथे तिरुचिरापल्लीला. ती आधी ब्रॉडगेज होती, मग मीटरगेज केली, मग पुन्हा ब्रॉडगेज. कागदांनी मात्र जागा सोडली नाही.

पुढे बर्नेल नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने वाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार यादी केली, ती १८८० साली छापून आली. आणि १९१८ मध्ये राजघराण्याने संग्रह लोकांसाठी दिला, सार्वजनिक ग्रंथालय झालं. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. माझ्या मते या सगळ्यात निर्णायक गोष्ट यादी. एकदा वस्तूला नंबर पडला की ती गहाळ झाली तर कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. नंबर नसलेली वस्तू गहाळ होत नाही, ती नुसती नसते.

हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी दुसऱ्या राज्यात, एका ड्रॉइंग ऑफिसशी जोडलेला होतो. नाव सांगायची गरज नाही. तिथे स्वातंत्र्याच्या आधीच्या पुलांची मूळ ड्रॉइंग्ज होती, ट्रेसिंग क्लॉथवर, काळ्या शाईने, हाताने काढलेली. ट्रेसिंग क्लॉथ म्हणजे खळ चढवलेलं तलम सुती कापड. आपल्यातल्या निवृत्त मंडळींना माहीत आहे, कोमट पाण्यात भिजवून खळ काढली की उत्तम हातरुमाल होतो. त्या ऑफिसचं रंगकाम निघालं, रॅक रिकामे करायला सांगितलं, रजिस्टरमध्ये नोंद असलेली गुंडाळी तेवढी कपाटात गेली आणि नोंद नसलेली रद्दीत. काही रुमालांत. तीन वर्षांनी त्यातल्याच एका पुलाच्या गर्डरला मजबुती द्यायची वेळ आली. मूळ ड्रॉइंग शोधलं, नव्हतं. मग आम्ही तिघं-चौघं उन्हाळाभर दोरीने कंबर बांधून प्लेटची जाडी, रिव्हेटचं अंतर, एकेक माप घेत होतो. गाडी आली की गर्डरला चिकटून डोळे मिटायचे. जे एका इंग्रज ड्राफ्ट्समनने टेबलावर बसून सुबक काढून ठेवलं होतं, तेच पुन्हा काढण्यासाठी आमचा एक गँगमन पडता पडता वाचला. तेव्हापासून जुना कागद बघितला की माझा हात आधी मागच्या बाजूला जातो, नंबर आहे का बघायला.

सरस्वती महालात यादी आहे, पण आणखी एक अडचण आहे आणि तिचा आपल्याशी थेट संबंध आहे. तिथे मराठी हस्तलिखितं तीन हजारांवर आहेत. शिवाय दरबाराचे मोडी कागद, गठ्ठेच्या गठ्ठे. कोणत्या चित्रकाराला काय दिलं, छापखान्यात काय खर्च झाला, विलायतेहून कोणती पेटी आली, असल्या गोष्टी सापडायच्या तर असल्याच कागदांत. चित्र कपाटात, आणि त्याची हकिगत मोडीच्या गठ्ठ्यात. मोडी वाचणारा माणूस नसेल तर चित्र मुकं. आणि आता बघा, तंजावरच्या मराठ्यांच्या मोडी कागदांचे तमिळ अनुवाद तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये तीन खंडांत छापले. म्हणजे आपल्या आजोबांच्या लिपीतली दरबारी मराठी तमिळ अभ्यासकांनी कष्टाने शिकून, वाचून, आपल्या भाषेत नेली. त्यांचे उपकार आहेतच. मला लाज वाटते असं मी म्हणणार नाही, पण आपण इथे पन्नास किलोमीटरवर दर वर्षी मराठी बाणा या विषयावर वक्तृत्व स्पर्धा घेतो, तेव्हा ते खंड मला हटकून आठवतात.

मोडी अवघड नाही. पाटीवर रेघ आधी ओढायची आणि अक्षरं तिला लटकवत जायची, हात उचलायचा नाही. शॉर्टहँड शिकलेल्या आपल्या वहिनींना तर महिन्याभरात यावी. मी स्वतः गेल्या पावसाळ्यापासून रोज अर्धा तास बसतो. छापील मोडी वाचता येते, हाताची अजून अडखळत. इच्छा असेल त्यांनी रविवारी सकाळी नाश्त्यानंतर माझ्याकडे यावं, चार-पाच जण झाले तर शिकवणारा माणूस बोलावता येईल.

शेवटी एक घरचं काम. या सभागृहाच्या मागे आपल्या मंडळाचं लोखंडी कपाट आहे. मांडव आवरताना दर वर्षी त्यावरून वाद होतो, यंदाही झाला, की ते रिकामं करून त्यात लाइटच्या माळा ठेवायच्या. परवा मी आणि कोषाध्यक्षांनी ते उघडून बघितलं. आत जुन्या स्मरणिका आहेत, मधले काही अंक नाहीत. मीटरगेजच्या काळातले उत्सवाचे फोटो, मागे एकही नाव नाही. आणि एक गणपतीचं मोठं रंगीत चित्र, फ्रेम मोडलेली. खालच्या पट्टीवर बारीक अक्षरात रविवर्मा प्रेसचं नाव आहे. राजा रविवर्मांचा हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आपल्या पुणे-मुंबई लाइनवरचं स्टेशन. हाही शिळाछापच, मघाशी सांगितला तोच दगड, फक्त एकेका रंगाला वेगळा. हे चित्र कॉलनीत कोणी आणलं, कधी, याचा पत्ता नाही. कसरीने डावा कोपरा खाल्ला आहे.

तर चार सूचना. चित्र लॅमिनेट करायचं नाही, सेलोटेप लावायची नाही. फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहायचं नाही, मऊ पेन्सिलने, आणि फोटो टणक जागेवर ठेवून. बाहेरच्या भिंतीला, जिथे पावसाळ्यात ओल येते, तिथे काही टांगायचं नाही. आणि कपाटात वेखंड ठेवायचं. तंजावरला हस्तलिखितांत वेखंड, काळं जिरं, लवंग, मिरी, दालचिनी, कापूर यांच्या पुरचुंड्या ठेवायची जुनी रीत आहे. इथल्या बाजारात वेखंडाला वसंबू म्हणतात, कोणत्याही नाट्टुमरुंदु दुकानात मिळतं.

यादीसाठी मी एक फूलस्केप वही आणली आहे, पानांना नंबर घालून. रकाने आखले आहेत, अनुक्रमांक, वस्तू, माप, कशावर छापलं, मागे काय लिहिलं आहे, कोणी दिलं. फोटोंतली माणसं ओळखणाऱ्या आपल्या कॉलनीत आता दोनच आजी राहिल्या आहेत. एका आजींनी येत्या रविवारी चार वाजता यायचं कबूल केलं आहे, त्यांना जिना चढवत नाही म्हणून कपाटातले गठ्ठे खाली आणायला दोन तरुण मुलं हवी आहेत. आणि ज्याचं अक्षर चांगलं आहे असं एक माणूस. माझं नाही.